बैलाला पेंड, पोरीला उपास

भरती निघाली की माझं डोकं फिरतं.

ज्वारीची काढणी चालू असते, रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या राहायला लागलेल्या असतात, सकाळचा गारवा अजून अंगाला बोचत असतो, आणि त्यातच एक दिवस मोबाईलवर पोलीस भरतीची जाहिरात फिरते. दुसऱ्या दिवसापासून आमच्या तालुक्यातले डांबरी रस्ते पोरापोरींनी भरून जातात. उजाडायच्या आधी बुटांचा तो थपथप आवाज. भावाचा ट्रॅकसूट घातलेल्या, तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या मुली. शेजारून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत जातो, त्याच्या धुळीत त्या क्षणभर नाहीशा होतात आणि जरा पुढं पुन्हा पळताना दिसतात.

मी ज्युनिअर कॉलेजवर खेळ शिकवते. सकाळच्या तासाला जाताना स्कूटी त्यांच्या बरोबरीनं हळू करते आणि हमखास विचारते, "काय खाऊन निघालीस गं?"

"काईच न्हाई मॅडम. अनशापोटीच पळायलोत की."

हे त्या ऐटीत सांगतात. जणू उपाशी राहणं हाच खरा व्यायाम आणि पळणं त्याच्या जोडीला. मग माझ्या तोंडून काहीतरी तिखट जातं, त्या हसतात, मी पुढं निघते. पण दिवसभर तोंड कडू राहतं. कारण एका उन्हाळ्यात मीही अशीच पळाले होते. त्या उन्हाळ्याचा राग अजून उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

ते साल दुष्काळाचं. आमच्या बीड जिल्ह्यात दुष्काळाचं कौतुक कुणाला नाही, पण ज्या साली कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही, ते साल माणसं विसरत नाहीत. ऊस नव्हता म्हणून गाळप नव्हतं. एरवी हंगामात मळीचा आंबूस गोड वास वाऱ्यावर गावभर फिरायचा, वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा, भाकरीलाही लागलाय असं वाटायचं. त्या साली वाऱ्याला वासच नव्हता. नुसती धूळ.

कारखान्यासमोर उसाच्या बैलगाड्या उभ्या राहायच्या ते गाडीतळाचं मैदान ओसाड पडलं होतं. तिथंच आम्ही पळायचो. वजनकाट्यापासून निघायचं, बंद कारखान्याला वळसा घालायचा आणि परत काट्यापाशी यायचं. टनाटनानं ऊस तोलणारा तो काटा. आम्ही सगळ्या पोरी एकदम त्याच्यावर चढलो असतो तरी त्यानं आमची दखल घेतली नसती.

शिकवायला फौजी होते. लष्करातून निवृत्त होऊन आलेले, गाव त्यांना फौजीच म्हणायचं, आम्ही फौजी सर. फुकट शिकवायचे, हे आधीच सांगून टाकते. कुणाचं चांगलं झाकून ठेवायची मला सवय नाही. पण त्यांचा एक मंत्र होता आणि तो त्यांनी आमच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता. पोट हलकं तर पाय हलके. पळायच्या आधी काही खायचं नाही. आदल्या रात्रीही थोडकंच. पाणी गुळणी करून थुंकायचं.

"सर, चक्कर यायली."

"येऊ दे की! आळस निघायलाय अंगातला. पळ बे!"

आम्ही मुली असून ते आम्हाला 'बे' म्हणायचे, आणि खरं सांगते, आम्हाला त्याचा मोठा अभिमान वाटायचा. बे म्हणवून घ्यायला आम्ही चक्कर सोसायचो.

एकदा कारखान्याचे चेअरमन आले. मुलींच्या दौडीला झेंडा दाखवायला. सकाळी साडी नेसलेल्या बायका रांगोळ्या काढत होत्या, स्पीकर खरखरत होता, आणि आम्ही रांगेत उभ्या. गेस्ट हाऊसमधून साजूक तुपातल्या शिऱ्याचा वास यायला लागला. संचालक मंडळी न्याहारी करत होती. त्यांना पळायचं नव्हतं. खुर्चीत बसायचं होतं, हार घालून घ्यायचे होते, आणि त्यासाठी त्यांनी पोटभर शिरा खाल्ला. पळायचं होतं आम्हाला, आणि आमच्या पोटात आदल्या सांजेची अर्धी भाकरी, तीही कधीच जिरलेली. ऊन चढलं तेव्हा साहेब बाहेर आले. मुली या देशाचं भविष्य आहेत असं म्हणाले. मग प्रत्येकीला एक टी-शर्ट मिळाला. पुढं कारखान्याचं नाव, मागं साहेबांचा फोटो. म्हणजे आम्ही पळताना मागून येणाऱ्याला त्यांचं हसरं तोंड दिसावं. त्या टी-शर्टाचं पुढं आईनं फडकं केलं. बरं केलं. पण केळी वाटायला काय झालं होतं? साखर तयार करणाऱ्या लोकांना एवढं कळू नये की पळणाऱ्या माणसाच्या रक्तात साखर लागते?

मला याचा संताप कशासाठी येतो ते सांगते. हे ज्ञान आमच्याकडं नव्हतं असं नाही. होतं. प्रत्येक गोठ्यात होतं.

माझ्या वडलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा आता नाहीत. त्यांच्याकडं खिल्लारी बैलांची जोडी होती. औत धरायचं असेल त्या दिवशी आबा कोंबडा आरवायच्या आधी उठायचे. दावणीत वैरण टाकायचे, भिजवलेली सरकी पेंड घमेल्यात द्यायचे, आणि मग ओट्यावर बसून राहायचे. बैल खायचे. खाऊन झालं की बसायचे, रवंथ करायचे. आबा त्यांच्या जबड्याकडं बघत विडी ओढायचे. रवंथ संपल्याशिवाय त्यांनी कधी बैलाच्या मानेवर जू ठेवलं नाही. मी लहान असताना विचारलं होतं, "आबा, कावून बसून राहिलात? ऊन व्हईल की."

"पोट भरल्याबिगर वढतंय व्हय जनावर? अन् भरल्या भरल्या जुपलं तर धापतंय. जिरू द्यावं लागतं बाई."

एवढंच. पुढं बी.पी.एड.ला शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात मी तेच वाचलं, फक्त बैलाच्या जागी माणूस होता. श्रमाच्या आधी दोन-तीन तास पिष्टमय जेवण घ्यावं, सोबत थोडी प्रथिनं असावीत, आणि ते पचायला वेळ द्यावा. आबांची पूर्ण पहाट त्या वाक्यात होती. पण हे शहाणपण दावणीपाशीच थांबत होतं. गोठ्यातून घरात यायला मध्ये एक उंबरठा होता, तो ते ओलांडत नव्हतं. निदान घरातल्या बायकांच्या ताटापर्यंत तर नाहीच.

त्या उन्हाळ्यात बैलजोडी, एक म्हैस आणि गाय चारा छावणीत होती. छावणी कारखान्याच्या मागच्या रानात पडली होती. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला. रोज बाहेरगावाहून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, मोजून यायचं, पेंड मोजून यायची. एखाद्या दिवशी पेंड आली नाही तर लोक आरडाओरडा करायचे, पेपरात बातमी यायची, तहसीलचे साहेब जीपमधून उतरून दावणी तपासायचे. जनावर जगलं पाहिजे, यात माझं काहीच म्हणणं नाही. आमची गाय माझ्याही जिवाची होती. पण त्याच छावणीच्या कडेनं आम्ही पोरी धापा टाकत पळायचो, आणि गाई रवंथ करत आमच्याकडं बघायच्या. आमच्या ताटात काय आहे हे बघायला कुठली जीप आली नाही. आमच्या कानात बिल्ला नव्हता.

आणि दूध? आमच्या म्हशीचं दूध छावणीवरच काढलं जायचं आणि तिथूनच सोसायटीच्या डेअरीला जायचं. कॅन टेम्पोत चढायचे. मी पळून आले की घरी कोरा चहा प्यायचे, गुळाचा, दुधाशिवाय. दूध देणाऱ्या घरात दूध दिसत नाही हे आम्हाला एवढं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या दिवसांत आबा आणि माझा थोरला भाऊ छावणीवरच राहायचे. वहिनी लहानग्या कोमलला घेऊन माहेरी गेलेली, कारण आमच्याकडं टँकरशिवाय पाणी नव्हतं. घरात आई आणि मी. आई सकाळी टँकरवर भांडणं करून पाणी आणायची, मग छावणीवर डबा पोचवायची, मग रोजगार हमीच्या मातीकामावर जायची.

माझ्या मैदानी चाचणीचा दिवस एकादशीला आला.

आईनं आदल्या दिवशी सांगितलं, "संगे, नारायणगडाला नवस बोललेय मी. पोरीला वर्दी मिळू दे, पायी येते म्हनून. उद्याची एकादस तू पन धर."

मी कधी एकादशी धरलेली नव्हती. पण नवस म्हटल्यावर मी धरली. फौजी सरांनी तर पाठ थोपटली. "झ्याक! देवाचंबी झालं अन् पोटबी हलकं."

लोकांच्या एकादशीला साबुदाणा असतो, रताळं असतं, भगर, शेंगदाण्याची आमटी. आज मला माहीत आहे की पळणाऱ्या पोरीला साबुदाण्याची खिचडी मिळाली असती तर ते देवाचंही झालं असतं आणि पायाचंही. आमच्या एकादशीला कोरा चहा होता.

जिल्ह्याच्या मैदानावर उजाडताना आम्हाला रांगेत उभं केलं. छातीवर नंबर चिकटवले. उंची झाली, कागद झाले, गोळाफेक झाली. रांगा सरकत नव्हत्या. ऊन मात्र सरकत होतं. तेव्हा मुलींना तीन किलोमीटर पळावं लागायचं, आता अंतर कमी झालंय. आमची दौड लागली तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या.

पहिला फेरा मी सगळ्यांच्या पुढं होते. हे मी मिरवून सांगते, कारण ते खरं आहे. माझे पाय चांगले होते. श्वास चांगला होता. कारखान्याच्या मैदानावरचा सगळा उन्हाळा माझ्या पोटऱ्यांत होता. मग कधीतरी हाताच्या बोटांना कंप सुटला. एवढ्या उन्हात अंगावर गार घाम आला. शिट्टीचा आवाज लांब गेला, जसा विहिरीत पडावा. पाय माझे होते, पण मी सांगितलेलं त्यांना ऐकू जात नव्हतं. चक्कर आली तर आळस निघतोय, असं मी स्वतःला सांगत होते. शेवटचं वळण आलं आणि जमीन उभी राहिली.

डोळे उघडले तेव्हा एक पोलीसबाई माझ्या तोंडावर पाणी मारत होती. दणकट, सावळी, माझ्या स्वप्नातली वर्दी घातलेली.

"काय खाल्लंस सकाळी?"

"उपास हाय."

"आजच धरायचा व्हता का गं माय?" तिनं कपाळावर हात मारला. खिशातून बिस्किटाचा पुडा काढून माझ्या हातात दिला. "खा आधी. मर्शील."

तो पुडा हातात धरून मी ओक्साबोक्शी रडले. दौड गेली होती, वर्दी गेली होती. पण बिस्कीट मी खाल्लं नाही. एकादशी होती ना. दौड हरले, उपास तरी मोडायला नको.

आजही कुणी चहासोबत ती बिस्किटं पुढं केली की माझा हात मागं येतो.

पुढं मी शिकले. चिडून शिकले म्हणा. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझ्या पदवीच्या फोटोला घरात देवाच्या शेजारी जागा आहे आणि त्यात मला काहीही लाज नाही. बी.पी.एड.ला एकदा आमचे प्राध्यापक शिकवत होते की माणूस रात्री झोपतो तेव्हाही मेंदू जागा असतो आणि यकृतात साठवलेली साखर रात्रभर खात असतो. सकाळपर्यंत ती कोठी रिकामी होत येते. पायांच्या स्नायूंची कोठी वेगळी असते, पण ती आपली साखर रक्ताला परत देत नाही. म्हणजे पायांत बळ शिल्लक असलं तरी रक्तातली साखर घसरली की मेंदू आधी हात टेकतो. डोळ्यापुढं अंधारी, बोटांना कंप, गार घाम. माणूस उपाशी राबत राहिला तर शरीर शेवटी आपलेच स्नायू मोडून जाळायला काढतं.

वर्ग शांतपणे लिहून घेत होता. माझं पेन थांबलं. ते माझं वर्णन होतं. माझं पडणं तिथं फळ्यावर बाणांनी काढून दाखवलं होतं, आणि त्यात कुठंही नशीब नव्हतं, आळस नव्हता, देवाचा कोप नव्हता. एक भाकरी नव्हती, बस्स.

त्या दिवसापासून माझा सगळा राग आईवर आला. फौजी सरांवर होताच, चेअरमनवर होताच, पण त्यांच्याकडून मला अपेक्षा नव्हती. आईनं का? तिनं तो उपास धरायला लावला नसता तर? मी तिला कधी स्पष्ट बोलले नाही. पण प्रत्येक एकादशीला मी तिच्या समोर बसून मुद्दाम जेवायचे. ती ताट वाढायची.

आता या वर्षी भरती निघाली आणि आमच्या कोमलला मैदानाचं बोलावणं आलं. माहेरी नेलेली ती लहानगी आता माझ्यापेक्षा उंच झालीय. फौजी सरांचीही उंची वाढलीय. हायवेला त्यांचा पत्र्याचा शेड आहे, बाहेर अकॅडमीची पाटी, आत काचेच्या कपाटात प्रोटीनचे डबे मांडलेले, प्रत्येक डब्यावर दंड फुगवलेला एक परका माणूस.

कोमल सुट्टीत माझ्याकडं राहायला आली तेव्हा ती ताटातली भाकरी बाजूला सारायला लागली.

"कावून गं?"

"सर म्हनलेत भाकरी बंद. वजन वाढतं. सकाळी रिकाम्या पोटी पळायचं अन् पळायच्या तोंडावर डब्यातली पावडर प्यायची. नुसतं प्रोटीन."

"मग पळवतं का ते?"

"परवा उलटी झाली. पन सर म्हनले सवय व्हईल."

मी त्याच संध्याकाळी शेडवर गेले. फौजी सर खुर्चीत बसले होते. केस पांढरे झालेत, आवाज तोच.

"या मॅडम! बघा बे पोरांनो, ही आपली पहिल्या बॅचची वाघीन."

"सर, वाघीण शेवटच्या वळणाला पडली होती. आठवतंय का?"

"नशीब असतं बाई."

"नशीब नाही, उपाशी होते. आणि तुम्ही अजून पोरींना उपाशीच पळवायलात."

"आता उपाशी म्हनत न्हाईत त्याला. फास्टेड रनिंग म्हनत्यात. चरबी जळती. परदेशात सगळे करत्यात."

"परदेशातल्या लोकांच्या अंगावर चरबी असेल. या पोरींच्या अंगावर कुठंय ते दाखवा मला. दाखवाच. मी इथं बसते."

कोपऱ्यात जोर मारणारी पोरं फिदीफिदी हसली. फौजी सर उठले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तू लई शिकलीस, संगे. शिकून बी जीभ तशीच हाय." मग आवाज उतरवून म्हणाले, "आमाला बी असंच पळवलंतं गं. कुनी सांगितलं न्हाई."

तेवढ्यापुरती मला त्यांची कीव आली. पण डबे कपाटातच होते. प्रथिनं वाईट नाहीत, उलट आमच्या ताटात तीच कमी. डाळ, दूध, शेंगदाणे रोज पोटात गेले तर पळून झिजलेलं अंग भरून येतं. पण ती महिनोन्महिने खायची असतात; शिट्टी वाजायच्या तोंडावर ढोसली की पोटात दगडासारखी बसतात. पळताना लागते ती भाकरीतली साखर, आणि ती भाकरीच बंद. उपाशीपणाला इंग्रजी नाव मिळालं की तो विकता येतो, एवढीच काय ती आमची प्रगती.

मैदानाच्या आदल्या दिवशी मी कोमलला घेऊन गावी गेले. आई ओसरीत बसून शेंगा फोडत होती. कोमल म्हणाली, "आज्जे, मी सकाळी काई खानार न्हाई बरं का." आणि माझा बांध फुटला.

मी आईकडं वळून बोलले. इतक्या वर्षांचं बोलले. "हिला पण धरायला लाव एकादशी! माझी वर्दी घालवलीस तशी हिची पण घालव! कशासाठी माय, कशासाठी धरायला लावला होतास तो उपास? आख्ख्या जन्मात कधी लावला नव्हतास, त्याच दिवशी कावून?"

आईचे हात शेंगांवर थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. टरफलांकडं बघत म्हणाली, "डब्यात पीठ न्हवतं, संगे."

"म्हणजे?"

"छावनीवर डबा जाईल एवढंच व्हतं. तुझ्या बापाचं अन् भावाचं. त्या महिन्याचं रेशन आलंच न्हवतं."

"मग त्यातली एक भाकरी मला दिली असतीस."

"दिली असती. अन् गड्यांना काय सांगितलं असतं? गडीमान्साला उपास हाय म्हनून सांगता येतं व्हय?"

"मला सांगता आलं."

"तुला सांगता आलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "घरात काई न्हाई म्हनलं असतं तर तू रडत गेली असतीस. उपास हाय म्हनलं तर ताठ मानेनं गेलीस. तेवढंच माझ्या हातात व्हतं."

शेंगांची टरफलं वाऱ्यानं ओसरीभर फिरत होती.

मला वाटलं होतं की कधीतरी हे असं काही कळेल आणि राग निवेल. उलटच झालं. इतके दिवस राग एका बाईवर होता, त्याला हद्द होती. आता ती हद्दच गेली. किती घरांत किती बायकांनी रिकाम्या डब्याला देवाचं नाव दिलं असेल? सोमवार, मंगळवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आठवड्यातले किती वार खरे देवाचे आणि किती पिठाचे, हे कुणी मोजलंय का? छावणीतल्या पेंडीचा हिशेब तपासायला साहेब यायचा. आणि मी त्या मैदानावर हातातलं बिस्कीट खाल्लं नाही, कारण माझ्या आईची अब्रू मी उपास समजून जपत होते. मला ठाऊक नव्हतं, पण मी तीच जपत होते.

त्या संध्याकाळी मी भावाला सांगितलं, "उद्या सकाळचं दूध डेअरीला जाणार नाही."

"अगं पन कॅन..."

"कॅन राहू दे रिकामा. एक दिवस त्याला उपास."

भाऊ गोठ्याकडं गेला.

कोमल कशी पळाली ते इथंच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. सरळ पळाली. कुठंही अडखळली नाही. रेघ ओलांडून माझ्यापाशी चालत आली आणि म्हणाली, "आत्या, पाय ऐकत व्हते गं." यादी अजून लागायची आहे. ती लागेल तशी लागेल. एवढं नक्की, की तिचं जे काही होईल ते तिच्या पायांनी ठरवलेलं असेल, डब्यातल्या पिठानं नाही.

पण माझ्या डोक्यात राहिलीय ती मैदानाची धाव नाही. त्याच्या आधीची पहाट राहिलीय.

आम्हाला मैदानावर नेणारी जीप यायला अवकाश होता. चुलीवर आईनं ज्वारीच्या भाकरी थापल्या. परातीवर तिचा हात पडायचा तो आवाज मला लहानपणापासून ओळखीचा. गरम भाकरी ताटात कुस्करली, वर दूध ओतलं, गुळाचा खडा फोडला, बाजूला शेंगदाण्याची चटणी. कोमल मांडी घालून बसली आणि खायला लागली. सुरुवातीला घास घोळवत, मग भुकेनं. तिचा जबडा हलत होता आणि आई भिंतीला टेकून तिच्याकडं बघत होती. अगदी आबा बघायचे तशी. जिरायला वेळ हवा म्हणून मी मुद्दामच लवकर उठवलं होतं, आणि आई मला म्हणाली, "आता हिला जरा बसू दे. लगीच हलवू नको." मला एकदम हसू आलं आणि रडूही.

मग माझं लक्ष गेलं. आईपुढं ताट नव्हतं.

"माय, तुझं?"

"माझा उपास हाय आज. कोमीसाठी."

"आज कुठली तिथी?"

"तिथी कशाला लागती? बोललेय मी देवाला. अन् मला कुठं पळायचंय?"

कोपऱ्यात तिचा विळा ठेवलेला होता. फडक्यात गुंडाळलेला, धार लावलेला. आम्ही गेलो की ती ज्वारी काढायला जाणार होती. दिवसभर कंबरेतून वाकून, उन्हात, सांजेपर्यंत. जसा तो टँकर, जसं ते मातीकाम, जसा डोक्यावरचा छावणीचा डबा. मी एका दिवसाची दौड हरले म्हणून जन्मभर धुमसत बसले होते. ही बाई रोज पळत होती, रोज अनशापोटी, आणि तिला शेवटच्या वळणावर पडायचीसुद्धा सवड नव्हती.

मी तव्यावरची भाकरी उचलली. हात भाजला. तिच्या पुढ्यात ताट आपटलं, दूध ओतलं, गूळ टाकला.

"खा."

"संगे, देवाला बोललेय गं."

"देवाला माझं नाव सांग. सांग की संगीनं मोडायला लावला. माझं आणि त्याचं मी बघून घेईन. तू खा."

ती कोमलकडं बघून ओशाळं हसली. कोमलनं आपल्या ताटातला गुळाचा खडा उचलून तिच्या ताटात टाकला आणि म्हणाली, "खा आज्जे. आत्या लई खवळलीय."

आईनं पदर पुढं ओढला. भिंतीकडं तोंड वळवलं, जशी बायका बायकांसमोरही खायला लाजतात तशी. आणि पहिला घास मोडला.

तेवढ्यात बाहेर जीप आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. भाऊ दारातून म्हणाला, "चला, उशीर व्हतोय."

मी आईसमोर मांडी घालून बसले होते. तिचं ताट पुसून होईपर्यंत मी उठले नाही.